कॅप्टन सुटला, शिपायांना डाग. म्हणून मुलानं एनडीए सोडायची का?

'सर, आम्ही सातारा जिल्ह्यातले. मुलगा अकरावी सायन्सला आहे, आठवीपासून एनडीएचं, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचं वेड. मिस्टर लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झाले. मध्यंतरी मुलानं अमेरिकेतल्या बोस्टनच्या गोळीबाराबद्दल कुठंतरी वाचलं. तेव्हापासून विचारतोय, "जमावावर गोळ्या जवानांनी झाडल्या आणि मी त्यांचा साहेब असेन, तर दोषी कोण?" मिस्टर म्हणतात, "आम्ही हुकमाशिवाय बोट हलवलं नाही, जबाबदार साहेबच." आता मुलगा म्हणतो एनडीए नको, लॉ करतो. मला तर भीती, उद्या दुसऱ्याच्या गोळीपायी हा तुरुंगात जायचा. काय करू?'
– एक आई

ताई, नमस्कार.

एनडीएसाठी माझ्याकडे येणारी मुलं उंची, चष्मा आणि गणित यापलीकडे सहसा काही विचारत नाहीत. तुमच्या मुलानं विचारलंय, म्हणून उत्तर जरा लांबेल.

आधी बोस्टन. ५ मार्च १७७०ची रात्र, रस्त्यावर बर्फ, गाव ब्रिटिशांच्या अमलाखाली. कस्टम हाउससमोरच्या एकट्या पहारेकऱ्याला लोकांनी घेरलं. कॅप्टन थॉमस प्रेस्टन सात जणांना घेऊन मदतीला गेला. लोक बर्फाचे गोळे, काठ्या फेकत होते, 'झाडा की गोळ्या' म्हणून डिवचत होते. त्यात घंटा वाजत होत्या. घंटा म्हणजे कुठंतरी आग लागली, त्यामुळे 'फायर' हा शब्द तसाही कानावर पडत होता. एक शिपाई मार लागून पडला, सावरला आणि त्याची बंदूक उडाली. मागोमाग इतरांच्याही. पाच माणसं गेली.

आता हे मिस्टरांना वाचून दाखवा. शिपायांपैकी काहींनी कोर्टाला विनवलं होतं की आमचा खटला कॅप्टनबरोबरच चालवा. आम्ही त्याचा हुकूम पाळला, पाळला नसता तर आम्हालाच गोळी घातली असती. कॅप्टन मात्र सांगत होता की मी हुकूम दिलाच नाही, मी तर बंदुकांच्या पुढ्यात उभा होतो. म्हणजे साहेब सुटायचा तर शिपायांची ढाल जाणार! गंमत अशी, की दोन्हीकडून वकील एकच, जॉन अ‍ॅडम्स, पुढे अमेरिकेचा दुसरा अध्यक्ष झाला तो. खटले वेगळेच चालले. कुणी म्हणे कॅप्टन ओरडला, कुणी म्हणे नाही. ऑक्टोबरमध्ये प्रेस्टन निर्दोष सुटला. डिसेंबरात त्या पहारेकऱ्यासह आठांपैकी सहा शिपाई सुटले, कारण जिवाला धोका होता हे ज्यूरीला पटलं. दोघं सदोष मनुष्यवधात अडकले आणि त्यांच्या अंगठ्यावर डाग दिला गेला.

प्रेस्टनला सोडलं ते कायद्यानं योग्यच होतं असं माझं मत आहे. पण कोर्टापुढचा प्रश्न एवढासा होता: त्याच्या तोंडून तो शब्द निघाला की नाही? अधिकाऱ्याला त्याआधीची उत्तरं द्यावी लागतात. लोक हाताच्या अंतरावर असताना बंदुका भरून उभं राहायचं का? या गोंगाटात माझा आवाज शेवटच्या जवानापर्यंत जाईल का? कुणी, कधी, किती राउंड, हे सगळ्यांना नीट ठाऊक आहे का? ही जबाबदारी कुठल्याही निकालानं उतरत नाही.

दुसरं टोक आपल्या घरचं. १३ एप्रिल १९१९, जालियनवाला बाग. तिथं हुकूम कुणी दिला याचा वादच नव्हता. डायरनं इशारा न देता ५० रायफलींनी सुमारे दहा मिनिटं गोळीबार करवला, १,६५० राउंड. सरकारी आकड्यानुसार ३७९ मेले. चौकशीसाठी नेमलेल्या हंटर समितीपुढे, जिच्यात मुंबईचे वकील चिमणलाल सेटलवाड होते, डायरनं कबूल केलं की गोळीबाराशिवायही जमाव कदाचित पांगवता आला असता. तरी त्याच्यावर फौजदारी खटला झाला नाही, फक्त नोकरी गेली. दोषी आणि शिक्षा झालेला, हे दोन वेगळे शब्द आहेत, हे मुलाला इथं कळेल.

आता तुमच्या भीतीबद्दल. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४८ ते १५१ याच विषयावर आहेत. जमाव पांगवायला लष्कराला दंडाधिकारी बोलावतो. त्याच्याशी संपर्कच होत नसेल तर कमिशन्ड अधिकारी स्वतः निर्णय घेऊ शकतो. बळ मात्र कमीत कमी वापरायचं, इजा कमीत कमी करायची. सद्भावनेनं केलेल्या कृतीला संरक्षण आहे आणि लष्करातल्या माणसावर खटला भरायला केंद्राची मंजुरी लागते. पाळायला बांधील असलेला हुकूम पाळणाऱ्या जवानालाही संरक्षण आहे. मिस्टरांचं म्हणणं तिथपर्यंत बरोबर. पण कुठलाही हुकूम म्हणजे असा हुकूम नव्हे.

ही मंजुरी साधी गोष्ट नाही. नागालँडमध्ये ओटिंगला डिसेंबर २०२१मध्ये नागरिक मारले गेले, ते जमाव पांगवण्याचं प्रकरण नव्हतं आणि तिथं सशस्त्र दलांना खास अधिकार देणारा विशेषाधिकार कायदा (अफ्स्पा) लागू होता. राज्य पोलिसांनी एका मेजरसह ३० जणांवर आरोपपत्र ठेवलं, केंद्रानं परवानगी नाकारली. तेव्हा मुलगा उगाच तुरुंगात जाईल ही भीती फारशी धरू नका. पण ताई, त्याला ती भीती नाहीच. 'आपल्यामुळे कुणी मेलं तर' हे त्याला छळतंय, आणि त्यावर कलम १५१ काही करू शकत नाही.

लॉ करायचंच असेल तर खुशाल करू दे, पण या प्रश्नापासून पळायला नको. गोळी कुणाच्या हुकमानं सुटली हा वाद तिथं रोजचा आहे. शिवाय लष्कराची स्वतःची कायदा शाखा आहे, जज अ‍ॅडव्होकेट जनरल शाखा. लॉची पदवी घेऊन एसएसबीतून, म्हणजे लष्करी निवड मंडळाच्या मुलाखतीतून, तिथं अधिकारी होता येतं. म्हणजे आज दार बंद करायची गरजच नाही. एनडीएचा अर्ज बारावीत असताना भरता येतो. यूपीएससीची जाहिरात साधारण डिसेंबर आणि मे महिन्यात येते. लेखी ९०० गुणांची, मुलाखत ९००ची. गणित सोडू नका एवढंच.

आणि एसएसबीत हा विषय निघाला, तर त्यानं क्लासमधलं पाठ उत्तर देऊ नये. बापलेकात जो वाद झाला, तो जसाच्या तसा सांगावा.