वाचकांचे प्रश्न : पेद्रीच्या दुखापतींचे मूळ

प्रश्न : बार्सिलोनाचा मिडफिल्डर पेद्री इतक्या लहान वयात वारंवार जायबंदी का झाला?

उत्तर : माझ्या मते दोष त्याच्या शरीराचा नसून वेळापत्रकाचा होता. स्पेनच्या टेनेरिफ बेटावर २००२ मध्ये जन्मलेला आणि लास पाल्मास क्लबकडून वयाच्या सोळाव्या वर्षी व्यावसायिक फुटबॉलमध्ये उतरलेला हा मुलगा २०२० मध्ये बार्सिलोनाला आला आणि पहिल्याच हंगामात क्लब व देश मिळून ७०हून अधिक सामने खेळला. युरो स्पर्धेच्या उपांत्य फेरीत इटलीविरुद्ध नियमित ९० मिनिटांत त्याचा एकही पास चुकला नाही. चेंडू पायाशी येण्याआधीच मान वळवून मागे कोण आहे हे पाहून घेण्याची त्याची सवय तेव्हा डोळ्यांत भरली. त्यानंतर पुरेशी विश्रांती न घेता तो टोकियो ऑलिंपिकला गेला, रौप्यपदक घेऊन परतला आणि सप्टेंबर २०२१ मध्ये मांडीच्या स्नायूने दगा दिला. त्या हंगामात तो लीगचे केवळ १२ सामने खेळू शकला. अठरा वर्षांच्या खेळाडूवर इतका भार टाकणे मला आजही अक्षम्य वाटते.