सौर पंपाचा अर्ज : आधी सातबारा, मग फॉर्म

प्रश्न : 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत अर्ज केला होता. कागदपत्रांत त्रुटी दाखवून तो परत आला. सातबारा, आधार, पासबुक सगळं जोडलं होतं. मग अडलं कुठं?

उत्तर : याच आशयाचे आणखीही प्रश्न आले आहेत, म्हणून सगळ्यांना एकत्रच सांगतो. सातबारा जोडलात, पण त्यावर तुमची विहीर आहे का, ते आधी बघा. शेतात विहीर भरलेली असली तरी उताऱ्यावर नोंद नसेल तर कागदोपत्री तुमच्याकडे पाणी नाही. तलाठ्यांकडे (आताचे ग्राम महसूल अधिकारी) अर्ज देऊन विहिरीची किंवा बोअरची नोंद करून घ्या आणि मगच डिजिटल सहीचा ताजा उतारा काढा. ऑनलाइन फुकट दिसणारा उतारा नुसता बघण्यापुरता असतो, तो जोडू नका. शेत डार्क झोनमध्ये (भूजलाचा अतिउपसा झालेल्या भागात) येत असेल तर भूजल सर्वेक्षण विभागाचा ना हरकत दाखलाही लागतो.

सामाईक खात्यात सगळ्या हिस्सेदारांचं ना हरकत पत्र मुद्रांक कागदावर हवं. सासरी गेलेल्या बहिणीची सही हमखास राहते, "ती कशाला हरकत घेईल?" म्हणून. घरातला सलोखा तपासणाऱ्याला दिसत नाही, त्याला सही लागते. उताऱ्यावर वारलेल्या वडिलांचंच नाव असेल तर वारस नोंदीचा फेरफार होईपर्यंत थांबलेलं बरं.

आता क्षेत्र. पंप जमिनीवर ठरतो : अडीच एकरापर्यंत ३ अश्वशक्ती, ५ एकरापर्यंत ५, त्यापुढे ७.५. सातबारा मात्र हेक्टर-आरमध्ये असतो. १ हेक्टर २० आर म्हणजे जवळजवळ ३ एकर. एकराच्या रकान्यात कुणी तसंच १.२० लिहिलं, तर ५ चा हक्क असताना ३ चा पंप पदरी पडतो. ही चूक त्रुटी म्हणून परतही येत नाही, म्हणून मला ती सगळ्यात वाईट वाटते.

अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांना पंपाच्या किमतीच्या १० ऐवजी ५ टक्केच हिस्सा भरायचा आहे, पण त्यासाठी प्रवर्ग बरोबर निवडून जातीचा दाखला जोडावा लागतो. आधार आणि सातबारा यांतलं नाव जुळतंय का, तेही त्याच वेळी पाहा.

फॉर्म सेवा केंद्रातून भरला तरी मोबाइल नंबर स्वतःचाच द्या. फॉर्मवर केंद्रवाल्याचा नंबर गेला की त्रुटीचे मेसेज त्याच्याकडे पडून राहतात. पैशांसाठी कुणाचा फोन किंवा लिंक आली तर भरू नका. योजनेच्या नावाने बनावट संकेतस्थळं फिरतात. हिस्सा भरायचा तो महावितरणच्या अधिकृत पोर्टलवर, मागणी तिथे दिसल्यावरच. आणि अर्ज परत आला म्हणून लगेच दुसरा टाकू नका, जुना अर्ज क्रमांक घेऊन आधी महावितरणच्या उपविभागात विचारा.