खिशातली बॅटरी: लुमेन राहू दे, सेल कुठला ते सांगा

मागच्या अंकात रोज जवळ बाळगायच्या छोट्या टॉर्चबद्दल चार ओळी काय लिहिल्या, मेसेजचा ढीग पडला, आणि निम्म्या लोकांचा प्रश्न एकच, "किती लुमेनची घेऊ?" लुमेन म्हणजे बॅटरी एकूण किती प्रकाश टाकते त्याचं माप. त्यातले पाच प्रश्न इथे घेतलेत. आपल्याकडे टॉर्चला बॅटरी म्हणतात आणि आतल्या बॅटरीला सेल, मी पण तसंच लिहिणार आहे, ज्यांना खटकेल त्यांनी विजेरी वाचावं.

फोनला टॉर्च असताना वेगळी बॅटरी खिशात कशाला? आणि घ्यायचीच तर 300 लुमेनची घेऊ की 1200ची? किमतीत फार फरक नाहीये. (आयटीवाला, हिंजवडी)

फोनचा दिवा साधारण पन्नासेक लुमेनचा असतो, आणि कुलूप सापडायला, पायरी दिसायला तेवढा पुरतो हे खरंय. पण फोन घेऊन स्कूटरच्या खाली वाकलात की तो निसटणार, दातात धरता येत नाही, पावसात बाहेर काढायला जीव होत नाही, आणि नेमकी लाइट जाते तेव्हाच तो 9 टक्क्यांवर असतो आणि त्याच्यावरूनच कुणाला तरी फोन लावायचा असतो. 12 ऑक्टोबर 2020ला मुंबईची वीज गेली ती सकाळी गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या, पण बिनखिडकीच्या जिन्याला सकाळचे दहा काय नि रात्रीचे दहा काय.

आता लुमेन. अंगठ्याएवढ्या बॅटरीतून 1200 लुमेन निघतात, निघत नाहीत असं नाही, पण किती वेळ ते बघा ना. एलईडी तापतो, ती उष्णता बाहेर टाकायला एवढंसं ॲल्युमिनियम पुरत नाही, मग आतलं सर्किट काही मिनिटांत स्वतःच प्रकाश खाली आणतं आणि तुम्ही 1200चे पैसे देऊन 300-400वर चालत राहता. खोक्यावरचे आकडे अमेरिकेत 2009 साली ठरलेल्या एफएल-वन या स्टँडर्डने मोजलेले असतील तर ते खोटे नसतात, फक्त कसे मोजतात ते माहीत पाहिजे. लुमेन मोजतात बॅटरी लावल्यावर तिसाव्या सेकंदाच्या पुढे, म्हणजे गरम होऊन खाली यायच्या आधीच. आणि "3 तास चालते" म्हणजे सुरुवातीच्या 10 टक्क्यांवर प्रकाश येईपर्यंत 3 तास, त्यातला बराच वेळ नुसती मिणमिण असू शकते. किती लांब दिसतं त्याचा आकडा तर चांदण्याइतका उजेड उरेपर्यंतचा असतो, पौर्णिमेच्या. तिथे बैल उभा आहे का माणूस तेवढं कळेल, चेहरा नाही.

मी स्वतः आधी खालचा आकडा बघतो. एक-दोन लुमेनचा मोड आहे का, आणि बटण दाबल्यावर बॅटरी थेट त्यावर लागते का. रात्री तीनला पाणी प्यायला उठलात आणि फर्रकन पूर्ण प्रकाश पांढऱ्या टाइल्सवर पडला की पुढची पाच मिनिटं तुम्ही आंधळे, आणि शेजारी झोपलेलं माणूस काय बोलेल ते वेगळं. अंधाराला डोळा पूर्ण सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, घालवायला एक सेकंद पुरतो. आणि ती लुकलुक करणारी स्ट्रोब नावाची भानगड दर चौथ्या दाबाला मध्ये येत असेल तर ती बॅटरी दुकानातच ठेवा.

अजून एक, खिशात आपोआप लागू नये याची सोय. एका लग्नात पंगतीला बसलो होतो, जिलबी वाढायला आलेले आणि माझी मांडी भाजायला लागली, मला वाटलं कुणी गरम आमटी सांडली की काय, बघतो तर सदऱ्याच्या खिशात हाय मोडवर बॅटरी पेटलेली. तेव्हापासून मागचं झाकण पाव फेरा सैल करून ठेवतो, बऱ्याच बॅटऱ्यांत तेवढ्याने करंट तुटतो. घेताना हे करून बघा.

तर 300 घ्या. चांगल्या 300ला घरगुती माणसाचं एकही काम अडत नाही, आणि चौपट लुमेन केले तरी डोळ्याला जेमतेम दुप्पट वाटतात.

राम राम. आमच्याकडं एक आठवडा दिवसा लाइट, एक आठवडा रात्री, त्यामुळं रात्री बारानंतर पाण्याची दारं धरायला जावं लागतं. ऑनलाइन एक झूमवाली बॅटरी मागवली, दोन लाख लुमेन आणि 9900 एमएएच लिहिलेलं, तासाभरात पिवळी पडते. खिशात मावेल अशी कोणती घ्यावी? (ऊसवाला, करमाळा)

राम राम. पहिल्यांदा ते 9900 एमएएचचं, म्हणजे सेलमध्ये किती चार्ज मावतो त्याचं सांगतो, म्हणजे पुन्हा फसायला नको. तुमच्या बॅटरीत बहुतेक 18650 नावाचा सेल असणार, 18 मिलिमीटर जाड आणि 65 लांब, नावातच माप आहे. या मापात चांगल्यातल्या चांगल्या कंपनीचा सेल साडेतीन हजार एमएएचच्या आसपास जातो, त्यामुळे 9900 लिहिलंय म्हणजे लिहिणाऱ्याने नुसतंच लिहिलंय. मी पण असा एक घेतला होता, किचनमधल्या काट्यावर ठेवला तर 27 ग्रॅम भरला. खरा सेल 45च्या पुढे भरतो. तुमच्या गावात सोनाराचा नाहीतर किराणावाल्याचा डिजिटल काटा असेलच, टाकून बघा. आणि एवढ्याशा बॅटरीत दोन लाख लुमेन वगैरे काही नसतं हो, ते चारशे असले तरी नशीब.

झूमबद्दल. पुढचं भिंग ओढलं की लांब छोटा गोळा पडतो, छान वाटतं, बांधावरून विहिरीवरचा पंप दिसतो. पण तुम्हाला पंप नाही बघायचा, स्वतःच्या पायापुढची दोन पावलं बघायचीत, आणि तिथे पाहिजे पसरट उजेड. मण्यार रात्रीच बाहेर पडते, घोणस पण बहुतेक रात्रीच फिरते, आणि पाचटात पडलेली घोणस पाचटासारखीच दिसते. सर्पदंशाने आपल्या देशात वर्षाला सरासरी 58 हजार माणसं जातात असा अंदाज 2020च्या एका मोठ्या अभ्यासात निघाला, त्यात बहुतेक खेड्यातली. म्हणून तुम्हाला 18650 सेलची, साधी, झूम नसलेली, पसरट प्रकाशाची बॅटरी सांगतो. मधल्या मोडवर म्हणजे 100-150 लुमेनवर ती सहा-सात तास ओढते, एक रात्र आरामात निघते. रंग जमला तर थोडा पिवळसर घ्या, निळसर पांढऱ्यात माती, पाचट आणि साप सगळं एकाच राखाडी रंगाचं दिसतं. पाण्याचं बघताना आयपीएक्स-7 लिहिलेलं बघा, म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास पडली तरी चालते. पाटात पडणारच आहे ती कधीतरी.

पण खरं सांगू का, खिशातली बॅटरी तुमच्यासाठी दुसरी. पहिली डोक्याला बांधायची घ्या. एका हातात खोरं, दुसऱ्या हातात बॅटरी, मग दारं मोडणार कसं? माणूस बॅटरी काखेत धरतो आणि नेमका तेव्हाच पायापुढे अंधार असतो. गमबूट घाला, काठी आपटत जा. बॅटरी बघून साप पळत नाही, तुम्हाला तो दिसतो इतकंच. आणि चावलाच तर आवळून बांधणं, कापणं, चोखणं काही करू नका, पाय हलवू नका, 108 लावा आणि लस असलेल्या दवाखान्यात जा.

आई दापोलीजवळ एकटी असते, वय 74. पावसात लाइट दोन-दोन दिवस नसते. तिला यूएसबीवर चार्ज होणारी छोटी बॅटरी पाठवू का? (एक मुलगी, ठाणे)

ताई, नका पाठवू. म्हणजे एकटी ती नका पाठवू. 3 जून 2020ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, दापोली-मंडणगडपर्यंत झोडपून गेलं, आणि काही वाड्यांना पुढे कित्येक आठवडे वीज नव्हती. तिथे चार्जिंगची बॅटरी पहिल्या चार-पाच रात्रींनंतर पेपरवेट. आईंना द्या साध्या पेन्सिल सेलवर चालणारी, भिंतीच्या घड्याळात टाकतो तो, म्हणजे एए. तो वाडीतल्या टपरीवर पण मिळतो. एकाच सेलची घ्या, बोटाएवढी असते, पदराला नाही तरी गळ्यात दोरीने अडकते, आणि अडकवाच, कारण उशाखाली ठेवलेली बॅटरी अंधारात कधीच सापडत नाही.

बटण एकच, दाबलं की लागली, दाबलं की बंद. "दोनदा पटकन दाब, मग धरून ठेव" हे आईंना फोनवरून समजावताना तुमचंच डोकं फिरेल. फिरवून लागणारी असेल तर सांधेदुखीची बोटं आधी विचारात घ्या.

आणि एक महत्त्वाचं, पेन्सिल सेलच्याच आकाराचा 14500 म्हणून लिथियम सेल मिळतो, दिसायला जुळा भाऊ, पण व्होल्टेज दीडच्या जागी 3.7. नुसत्या एएसाठी बनवलेल्या बॅटरीत तो घातला तर सर्किट जळू शकतं. घरी कुणा हौशी भाच्याने आणून ठेवला असेल तर आधीच वेगळा काढा.

मी नाइट ड्युटीची नर्स आहे. वॉर्डात सगळे झोपलेले असताना ड्रिप बघायला, शीर शोधायला फोनचा लाइट लावते, पेशंट उठतात. काय घेऊ? (सिस्टर, नाशिक)

सिस्टर, तुमच्यासाठी पेनसारखी, खिशाला क्लिप असलेली, बारीक एएए सेलची, म्हणजे रिमोटमध्ये असतो त्या सेलची. लुमेन पाच-दहा पुरे. तुम्ही एकच गोष्ट बघा, खोक्यावर सीआरआय 90 किंवा वर लिहिलंय का. त्या प्रकाशात रंग खरे दिसतात, त्वचा निळसर पडलीय का, पिवळी दिसतेय का ते कळतं. साध्या थंड पांढऱ्या एलईडीत सगळेच आजारी दिसतात! डोळ्याची बाहुली तपासायला मात्र मोठ्या मोडची बॅटरी चुकूनही नको.

बायको म्हणते घरात आधीच चार बॅटऱ्या आहेत, पाचवी कशाला? तुम्हीच समजवा तिला. (अडकलेला वाचक, सांगली)

नाही समजवणार, वहिनींचं बरोबर आहे. आधी त्या चारही बाहेर काढा. दोनमध्ये तरी सेल फुटलेले असणार, अल्कलाइन सेल वर्षानुवर्षं आत पडून राहिला की पाझरतो, स्प्रिंगवर पांढरी बुरशीसारखी पूड धरते, झाकण फिरता फिरत नाही. हातमोजे घाला, डोळ्यांकडे हात नेऊ नका, कानाच्या कापसाच्या काडीला व्हिनेगर लावून ती पूड पुसा, थोडं फसफसेल, मग ओल्या फडक्याने पुसून पंख्याखाली रात्रभर वाळवा. स्प्रिंग हिरवी पडली असेल तर बारीक सँडपेपर.

मग सगळ्यांत निकेल मेटल हायड्राइडचे रिचार्जेबल सेल टाका, त्यातले लो सेल्फ डिस्चार्ज लिहिलेले, ते पडून राहिले तरी चार्ज धरतात आणि अल्कलाइनसारखे सहसा पाझरत नाहीत. 1.2 व्होल्ट लिहिलेलं बघून दुकानदाराशी भांडू नका, तेवढंच असतं. त्यातली एक मीटरच्या बोर्डाजवळ खिळ्याला टांगा, एक गाडीच्या डिकीत, सर्वात लहान खिशात. चौथी वहिनींच्या पर्समध्ये ठेवा, त्यांना विचारून.