वाचकांचे प्रश्न : ‘कोणत्या कायद्याखाली?’

नागरिकांचे स्वातंत्र्य आणि सरकारी अधिकारांची हद्द या विषयावर आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे या अंकासाठी निवडली आहेत. उत्तरांत कायद्याची सर्वसाधारण माहिती दिली आहे. प्रत्यक्ष प्रकरण उद्भवल्यास वकिलाचा सल्ला घ्यावा.

प्रश्न : प्रामाणिक माणसाला सरकारपासून लपवण्यासारखे काय असते? फोन ऐकले, कॅमेरे लावले, आधार मागितले, तर अडचण गुन्हेगारांची होईल. खासगीपणाचा हा आग्रह मला शहरी लोकांचे चोचले वाटतात.
– निवृत्त शिक्षक, सातारा

आपला प्रश्न पुष्कळांच्या मनात असतो आणि तो थट्टेवारी नेण्यासारखा नाही. मात्र आपण निर्दोष आहोत हे दाखवण्याची जबाबदारी नागरिकाची आहे, असे त्यात धरून चालले आहे. आपल्या राज्यघटनेची मांडणी याच्या नेमकी उलट आहे : नागरिकाच्या घरात, पत्रव्यवहारात किंवा शरीरात हात घालण्यापूर्वी सरकारने आपले कारण सांगायचे असते.

‘चोचले’ हा आक्षेप सर्वोच्च न्यायालयासमोरही आला होता. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या आधारविषयक याचिकेतून पुढे आलेल्या या प्रश्नावर नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने निकाल दिला आणि खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे मान्य केले. गरिबाला अन्न हवे, खासगीपणा ही वरच्या वर्गाची हौस आहे, हा युक्तिवाद पीठाने स्पष्टपणे नाकारला. त्याच निकालात आणीबाणीतील जबलपूर प्रकरणाचा १९७६ चा निकालही चुकीचा ठरवण्यात आला. अटक बेकायदा असली तरी आणीबाणीत न्यायालयाकडे दाद मागता येणार नाही, असे तेव्हाच्या बहुमताने म्हटले होते आणि त्या बहुमतात न्यायमूर्ती य. वि. चंद्रचूड होते. २०१७ मध्ये तो निकाल मोडीत काढणारे प्रमुख निकालपत्र त्यांचे पुत्र न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी लिहिले.

खासगीपणाचा हा अधिकार अमर्याद नाही. सरकारला त्यात हस्तक्षेप करता येतो. पण त्यासाठी कायदा असावा लागतो, हेतू रास्त असावा लागतो आणि हस्तक्षेप त्या हेतूला पुरेल एवढाच असावा लागतो. आता फोन ऐकण्याचेच उदाहरण घेऊ. १८८५ च्या तार कायद्यानुसार सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता या दोनच कारणांखाली संभाषण ऐकण्याचा आदेश काढता येत असे. मुंबईतील एका लाचखोरीच्या प्रकरणात केंद्रीय गृह खात्याने असे तीन आदेश काढले होते. सार्वजनिक सुरक्षिततेचा प्रश्न कोठे होता हे दाखवता न आल्यामुळे मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१९ मध्ये ते तिन्ही आदेश रद्द केले आणि ऐकलेल्या संभाषणांच्या नोंदी नष्ट करण्यास सांगितले. लाचखोरीचा तपास करू नये असे यात कोणी म्हटले नव्हते. तपास करावा, पण कायद्याने दिलेल्या साधनांनी करावा, एवढाच त्याचा अर्थ होता.

मला अधिक खटकते ते वेगळेच. फोन ऐकण्याचा आदेश गृहसचिव देतात आणि त्याची छाननी करणाऱ्या समितीत केंद्रात मंत्रिमंडळ सचिव व राज्यात मुख्य सचिव अध्यक्षस्थानी असतात. आदेश निघाल्यापासून त्याची छाननी होईपर्यंत या संपूर्ण प्रक्रियेत एकही न्यायाधीश नसतो आणि ज्याचा फोन ऐकला गेला त्याला ते पुढेही कळवले जात नाही. २०२३ च्या दूरसंचार कायद्यानंतर केलेल्या नियमांतही ही रचना बदललेली नाही. त्याच वर्षीच्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने केंद्राला आपल्या निवडक यंत्रणांना त्या कायद्यातून वगळण्याची मुभा दिली आणि माहिती अधिकार कायद्याचे कलम ८(१)(ञ) बदलून ‘वैयक्तिक माहिती’ या सबबीखाली माहिती नाकारण्याचा मार्ग रुंद केला. म्हणजे आपली माहिती सरकारकडे अधिक जाणार आणि सरकारची माहिती आपल्याकडे कमी येणार. प्रामाणिक माणसाने या उलट्या हिशेबाची चिंता करायला हरकत नसावी.

प्रश्न : मी सदनिका भाड्याने देते. भाडेकरूची माहिती पोलिसांना देणे बंधनकारक आहे, हे मला मान्य आहे. पण या वेळी भाडेकरूच्या आईवडिलांच्या आधारच्या झेरॉक्स आणि तिच्याकडे कोण येते-जाते याचीही माहिती मागितली गेली. ती द्यावी का?
– एक घरमालक भगिनी, पश्चिम महाराष्ट्र

भाडेकरूची माहिती कळवण्याचे बंधन बहुतेक शहरांत पोलीस आयुक्तांच्या किंवा जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या आदेशातून येते. पूर्वी असे आदेश फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली निघत. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतात. आदेश मोडल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली गुन्हा होऊ शकतो, म्हणून नमुन्यात विचारलेली माहिती जरूर द्या. महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावरूनही ती भरता येते.

नमुन्याबाहेरच्या मागणीसाठी मात्र ‘हे कोणत्या आदेशात लिहिले आहे, त्याची प्रत मिळेल का?’ असे सौम्यपणे विचारावे. भाडेकरूकडे येणाऱ्या पाहुण्यांची नोंद ठेवण्याचे काम घरमालकाकडे कोणी सोपवलेले नसते. ओळखीसाठी पारपत्र, वाहन परवाना किंवा मतदार ओळखपत्र पुढे करता येते. आधारच द्यायचे ठरले, तर केवळ शेवटचे चार अंक दाखवणारे ‘मास्क्ड’ आधार संकेतस्थळावरून उतरवून द्यावे आणि झेरॉक्सवर तारीख व कारण लिहावे. सर्वोच्च न्यायालयाच्या २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने सरकारी अनुदानाच्या योजना आणि पॅन यांच्यासाठी आधारची सक्ती वैध ठरवली. बँक खाते, मोबाइल आणि शाळाप्रवेश यांसाठीची सक्ती मात्र टिकली नाही. असे असूनही शाळेच्या खिडकीपासून लॉजच्या गल्ल्यापर्यंत आधार मागितले जाते आणि आपणही विचार न करता ते पुढे करतो.

आपल्या पत्राच्या निमित्ताने एक मुद्दा मांडतो. कलम १६३ हे तातडीच्या प्रसंगासाठी आहे. दंडाधिकाऱ्याचा आदेश एका वेळी दोन महिन्यांपेक्षा जास्त चालत नाही, तो याच कारणासाठी. दोन महिने संपले की नवा आदेश, ते संपले की आणखी एक, अशा रीतीने नेहमीचे प्रशासन चालवले जाते. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खालचे मनाई आदेशही असेच दर पंधरवड्याला नव्या तारखेने निघतात आणि ते कोठे लावले जातात हे बहुतेकांना ठाऊक नसते. काश्मीरमधील इंटरनेटबंदीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये दोन गोष्टी बजावल्या : असे आदेश जाहीर झालेच पाहिजेत आणि तेच ते आदेश पुन्हा पुन्हा काढणे हा अधिकाराचा गैरवापर आहे. भाडेकरूंची नोंद खरोखरच कायम हवी असेल, तर विधिमंडळात कायदा करावा आणि माहिती किती काळ ठेवायची, कोणी पाहायची, हे त्यात लिहावे.

प्रश्न : व्हॉट्सअ‍ॅप समूहावर मी टाकलेल्या एका राजकीय व्यंगचित्रावरून मला पोलीस ठाण्यातून फोन आला : ‘संध्याकाळी येऊन जा, मोबाइल घेऊन ये.’ लेखी काहीच नाही. वडील म्हणतात, वाद नको, जाऊन ये.
– महाविद्यालयीन विद्यार्थी, मराठवाडा

वडिलांची भीती अनाठायी नाही, त्यामुळे त्यांच्याशी वाद घालू नका. येणार नाही असेही म्हणू नका. ‘मी सहकार्य करीन, कृपया लेखी सूचना द्यावी’ असे सांगा आणि फोन केव्हा, कोणाचा आला याची नोंद ठेवा. साक्षीदार म्हणून बोलवायचे असल्यास नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ खाली लेखी आदेश लागतो. स्त्रिया, १५ वर्षांखालील मुले आणि ६० वर्षांवरील पुरुष यांना तर त्यांच्या घरीच विचारपूस करायची असते. संशयित म्हणून बोलवायचे आणि अटकेची गरज नाही असे पोलिसांचे मत असेल, तर कलम ३५(३) ची नोटीस लागते. ही नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवणे वैध नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केले. नोटीस हाती पडल्यावर मात्र हजर राहावेच लागते. न राहिल्यास अटकेला निमित्त मिळते.

मोबाइल जप्त करायचा असेल तर पंचनामा हवा, जप्तीच्या यादीची प्रत मागा आणि कलम १०५ प्रमाणे झडती व जप्तीचे चित्रीकरण होते आहे ना, याकडे लक्ष द्या. आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष देण्यास भाग पाडता येत नाही, असे राज्यघटनेचे कलम २०(३) सांगते. म्हणून वकिलाशी बोलण्यापूर्वी पासवर्ड सांगू नये. वकिलाची फी परवडत नसल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. १५१०० या क्रमांकावर मदत मिळते.

तुमच्यासारखाच प्रसंग नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरला घडला होता. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल एका तरुणीने फेसबुकवर प्रश्न केला, दुसरीने तो मजकूर पसंत केला आणि दोघींना अटक झाली. देशभर टीका झाल्यावर पोलीस अधिकाऱ्यांवर कारवाई झाली आणि तरुणींवरचे प्रकरण बंद करण्यात आले. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे जे कलम ६६-अ तेव्हा वापरले गेले, ते सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी संपूर्ण रद्द केले, कारण ‘त्रासदायक’ किंवा ‘अत्यंत आक्षेपार्ह’ म्हणजे काय हे ठरवण्याचे काम त्याने पोलीस ठाण्यावर सोडले होते. त्यानंतरही या मृत कलमाखाली वर्षानुवर्षे गुन्हे नोंदवले जात राहिले. २०१९ मध्ये निकालाची प्रत सर्व पोलीस महासंचालकांकडे पोहोचवण्याचे निर्देश द्यावे लागले आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये या कलमाखाली कोणावरही खटला चालवू नये, असा आदेश पुन्हा काढावा लागला. दिल्लीतला निकाल तालुक्याच्या ठाण्यापर्यंत आपोआप पोहोचत नाही. म्हणून सूचनेत कोणते कलम लिहिले आहे ते प्रथम वाचावे.

प्रश्न : कोविडच्या काळात सरकार कठोर झाले म्हणून माणसे वाचली. मी त्या वेळी वॉर्डात काम करत होते. संकटात स्वातंत्र्याचा एवढा बाऊ का करावा?
– परिचारिका, नाशिक

आपण जे पाहिले ते आम्ही घरात बसलेल्यांनी पाहिले नाही, त्यामुळे या प्रश्नाचे वजन मोठे आहे. साथीत विलगीकरण लागते, गर्दी रोखावी लागते, यात वाद नाही. वाद पद्धतीचा आहे आणि महाराष्ट्रात तो जुना आहे.

मुंबईत १८९६ मध्ये प्लेग आला आणि १८९७ च्या आरंभी साथरोग कायदा झाला. त्याच्या दुसऱ्या कलमात सरकारला आवश्यक वाटतील ते उपाय योजण्याचा अधिकार होता. मर्यादा जवळजवळ काहीच नव्हती. पुण्यात रँडच्या प्लेग समितीने गोरे सोजीर घराघरांत घातले, बायकांची तपासणी, सामानाची नासधूस, निरोग्यांचीही छावणीत रवानगी असे प्रकार झाले. टिळकांनी विलगीकरणाला विरोध केला नव्हता. त्यांनी स्वतः हिंदूंसाठी प्लेगचे रुग्णालय उभारण्यात पुढाकार घेतला होता. ‘केसरी’तून त्यांनी झोड उठवली ती अंमलबजावणीतल्या जुलमावर. २२ जून १८९७ च्या रात्री रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि त्याच वर्षी टिळकांना राजद्रोहाखाली अठरा महिन्यांची शिक्षा झाली.

मार्च २०२० मध्ये राज्याने हाच १८९७ चा कायदा लागू केला. पुढे लसीच्या दोन मात्रा न घेतलेल्यांना मुंबईच्या लोकलमधून प्रवास नाकारण्यात आला. हा निर्णय नियमाप्रमाणे राज्य कार्यकारी समितीने घ्यायचा होता, पण तो मुख्य सचिवांनी एकट्याने घेतल्याचे उच्च न्यायालयात उघड झाले आणि २०२२ च्या आरंभी न्यायालयाने त्यावर ताशेरे ओढले. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कोणालाही लस घेण्याची सक्ती करता येणार नाही असे सांगितले. मात्र सार्वजनिक आरोग्यासाठी प्रमाणशीर निर्बंध घालता येतील, हेही मान्य केले. लस उपयुक्त आहे यावर त्या न्यायालयाला शंका नव्हती, मलाही नाही. समितीची एक बैठक घेऊन कारणे नोंदवली असती, तर लसीकरण एका दिवसानेही लांबले नसते. २०२० च्या दुरुस्तीने आरोग्य कर्मचाऱ्यांवरील हल्ल्यांना कडक शिक्षा ठेवली, आपल्यासारख्यांसाठी ती आवश्यकच होती. पण दुसऱ्या कलमातल्या राज्य सरकारच्या मोकळ्या अधिकाराला लगाम घातलेला नाही.

प्रश्न : दारू पिण्यासाठी सरकारी परवाना लागतो, हे खरे आहे का? इतक्या वर्षांत माझ्याकडे कोणी मागितला नाही.
– एक वाचक, कोल्हापूर

खरे आहे. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा महाराष्ट्रात आजही लागू आहे आणि त्यानुसार दारू बाळगायला व प्यायला परवाना लागतो. तो एक दिवसाचा, वर्षाचा किंवा आजीवन मिळतो. तीव्र मद्यासाठी वय २५ पूर्ण असावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्ये या कायद्यातील काही तरतुदी रद्द केल्या आणि उरलेला बराचसा भाग वैध ठरवला. आपल्याकडे परवाना कोणी मागितला नाही यात नवल नाही. जो कायदा जवळजवळ सगळेच मोडतात, त्यात कोणाला पकडायचे ही नाक्यावरच्या शिपायाची मर्जी ठरते. दारूचे दुष्परिणाम मी नाकारत नाही. पण मर्जीवर चालणाऱ्या कायद्याने ते कमी होत नाहीत, केवळ चिरीमिरी वाढते. आपण परवाना काढून ठेवावा. राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या संकेतस्थळावर अर्ज करता येतो.