गाडी आडवी झाली तर उचलणार कोण? पहिल्या मोटरसायकलीबद्दल चार प्रश्न

मी बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यात शिक्षिका आहे, उंची पाच फूट. स्कूटर येते. आता गिअरची गाडी घ्यावी म्हणते. घरचे म्हणतात, भावाची बुलेट दारात उभीच आहे, तिच्यावरच शीक की!

बुलेट दारातच बरी दिसते, बाई. शिकताना गाडी एकदा तरी पडतेच, आणि ती तुम्हाला एकटीला उचलता आली पाहिजे. बुलेटच्याच घराण्यातली क्लासिक ३५० जवळपास १९५ किलोची. होंडाची शाईन १०० साधारण ९९ किलो, स्प्लेंडर प्लस ११२ च्या घरात. जुलैच्या पावसात, लाल चिखलात गाडी आडवी झाली की सीसी कुणी विचारत नाही.

दुसरं, सीट. स्प्लेंडर आणि शाईन १०० ची सीट सुमारे ७८५ मिलिमीटर उंच. प्लॅटिना १०० तेवढ्याच ताकदीची, पण तिची सीट ८०७. दोन सेंटीमीटरचा फरक, पण पाच फुटांच्या माणसाला तोच नडतो. नुसत्या आकड्यावरही जाऊ नका. सीट रुंद असली की मांड्या फाकतात आणि पाय तेवढाच आखूड पडतो. ॲव्हेंजरची सीट खूप खाली आहे म्हणून पुष्कळ जणी तिच्यावर भाळतात. पण ती लांबलचक आणि दीडशे किलोहून जड, अरुंद गल्लीत वळवताना दमवते.

शोरूममध्ये रोजची चप्पल घालून जा. इंजिन बंद ठेवून गाडी ढकलत मागे घ्या, वळवा, डबल स्टँडवर चढवून बघा. सेल्समन मदतीला धावला तर त्याला बाजूला उभा करा. एवढं जमलं तर गाडी तुमची. सीट थोडी उंच वाटली तर सीटवाल्याकडून फोम कमी करून घेता येतो. शॉक ॲब्सॉर्बर मात्र खाली करून घेऊ नका, गाडीचं पोट गतिरोधकाला घासतं आणि साइड स्टँडवर ती नीट कलत नाही.

बेळगावात शहापूरला राहते. कपिलेश्वर उड्डाणपुलाच्या चढावर ट्रॅफिक थांबलं की गाडी मागे सरकते, घाबरून क्लच सोडते आणि ती बंद पडते.

चढावर थांबल्यावर उजवा पाय मागच्या ब्रेकवरच ठेवायचा, जमिनीवर फक्त डावा. म्हणूनच मी सगळ्यांना सांगते, दोन्ही तळवे टेकलेच पाहिजेत असं नाही, पण डावा भक्कम टेकला पाहिजे. आता थोडा रेस द्या आणि क्लच हळूहळू सोडा. इंजिनचा आवाज जड झाला आणि गाडी पुढे ओढ घेऊ लागली की हात तिथेच थांबवा. मग ब्रेक सोडा. घाई नेहमी याच क्षणी होते. मागच्यांचे हॉर्न वाजू देत, त्यांना कुठे लग्नाला जायचंय! आधी पुलावर नको. रिकाम्या मैदानावर रेस न देता नुसत्या क्लचवर गाडी चालवायचा सराव करा.

माझं लायसन्स विनागिअरचं आहे. तेवढ्यावर भागेल का?

नाही. गिअरच्या गाडीसाठी लर्निंग काढून तो वर्ग लायसन्समध्ये वाढवून घ्यावा लागतो. लर्निंग सहा महिने चालतं, तीस दिवसांनी टेस्ट देता येते. तोवर परवाना असलेला शिकवणारा सोडून कुणालाही मागे बसवायचं नाही, मैत्रिणीलासुद्धा. लर्निंग देशभर चालतं, त्यामुळे सरावासाठी राज्याची हद्द ओलांडून महाराष्ट्रात चंदगडकडे गेलात तरी हरकत नाही.

निपाणीत राहतो. बायकोसाठी कोल्हापुरातल्या नातेवाइकाची वापरलेली गाडी, एमएच ०९ पासिंगची, घ्यावी का?

गाडी चांगली असेल तर घ्या, पण कागदांचा खर्च किमतीत धरा. दुसऱ्या राज्यातली गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवली की नवा नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी कोल्हापूर आरटीओची एनओसी आणि कर्नाटकचा टॅक्स. हे धरून चिकोडी पासिंगची, केए २३ ची गाडी स्वस्त पडते का बघा. आणि बघायला जाताना वहिनींना घेऊन जा, चालवणार त्या आहेत. मागचा साडी गार्ड कुणी काढून टाकला असेल तर आधी तो बसवून घ्या. मागचं चाक निम्मं तरी झाकलेलं असावं, हा नियमच आहे. ओढणी मात्र गार्ड असला तरी कमरेला गच्च बांधायची.