पुण्यात पुरातत्त्व संग्रहाच्या देखभालीची इंटर्नशिप करून उपयोग होतो का? नुसत्या खापऱ्या धुवायला लावतात असं ऐकलंय.

हो, धुवायलाच लावतात. मीही धुतल्या. प्लॅस्टिकचा टब, जुना टूथब्रश, आणि नक्षी दिसली की ब्रश बाजूला ठेवून नुसती बोटं. कंटाळा येणार असेल तर येऊच नका.

एमएच्या पहिल्या वर्षानंतर दोन महिने मी पुण्यातल्याच एका संग्रहात होते. (नाव सांगत नाही, तिथली माणसं अजून लग्नाकार्यात भेटतात.) जुन्या उत्खननाची पोती उघडायची, माल धुवायचा, सावलीत वाळवायचा, नंबर घालायचा, वहीत चढवायचा. नंबर आतल्या बाजूला, बारीक. आधी बी-७२ या पारदर्शक ॲक्रिलिक रेझिनचा एक हात, त्यावर काळी शाई, वाळली की परत एक हात. बी-७२ संपलं की नेलपॉलिश यायचं. पुढे त्याचा पापुद्रा सुटतो आणि नंबरही घेऊन जातो, हे मी सांगून थकले.

तिसऱ्या आठवड्यात एक पोतं निघालं. बाहेरची चिठ्ठी गायब, आतली कसरीने खाल्लेली. वाचता येत होतं फक्त 'थर ३', कुठल्या ट्रेंचचा (खणलेल्या खड्ड्याचा) ते नाही. आत ताम्रपाषाणयुगातल्या जोर्वे संस्कृतीच्या खापऱ्या, लालवर काळ्या रेघा, एक तोटी अख्खी. सर म्हणाले, "शेजारच्या पोत्यावर ट्रेंच बी आहे ना? मग हेही बी. लिहून टाक." मी म्हटलं, ट्रेंच अज्ञात लिहिते. "रकाना रिकामा दिसला तर तपासणीला काय सांगू?" मी 'अज्ञात' लिहिलं. दुसऱ्या दिवशी त्यावर रेघ, आणि शेजारी निळ्या शाईत 'बी'. सर्टिफिकेट मिळालं, शिफारसपत्र नाही.

सर, वाचत असाल तर ऐका. 'अज्ञात' बघून पुढचा माणूस निदान शोधायला तरी लागेल, तुमच्या 'बी'वर तो प्रबंध लिहील. इनामगावला (पुणे जिल्ह्यातली ताम्रपाषाणयुगीन वस्ती, उत्खनन १९६८ ते १९८३) घराच्या जमिनीखाली तोंडाला तोंड लावलेली दोन मडकी, त्यात पुरलेलं लहान मूल, हे आपण वर्गात छातीठोक सांगतो. ते कुठे, कशाखाली सापडलं हे कुणीतरी जागेवर लिहून ठेवलं म्हणून. एरवी ती दोन मडकीच.

बरं, तुमचा प्रश्न. डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व विभागाचं संग्रहालय आहे, तिथे विचारा. केळकर संग्रहालयात पुरातत्त्व असं फारसं नाही, पण वस्तूंची नोंद आणि निगा शिकायला वाईट नाही. जाहिरातीची वाट बघू नका, अर्ज घेऊन स्वतः जा. पैशांचं म्हणाल तर मला बसच्या पासाचेही मिळाले नव्हते. अर्थात हे माझ्या वेळचं, आणि एकाच जागेचं. सगळीकडे तसं नसेल. उपयोग? मला नोकरी यावर लागली नाही, पण उत्खननाचा अहवाल वाचताना कुठे अंदाज ठोकलाय ते आता लगेच कळतं.

पहिल्या दिवशी एवढं विचारा: चिठ्ठी नसलेल्या पोत्याचं काय करता? आणि आपण भरलेल्या पानाचा, परवानगी मिळाली तर, फोटो काढून ठेवा. माझ्याकडे आहे तो. दोन्ही शाया स्पष्ट दिसतात.