केमिस्ट आणि कॅन्सर रिसर्च: तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

या महिन्यात आलेले बरेचसे प्रश्न केमिस्ट्रीवाल्यांचे आहेत आणि सगळ्यांचा सूर साधारण एकच, की कॅन्सर रिसर्च हे बायोलॉजीवाल्यांचं आणि डॉक्टरांचं घर, आपण तिथे पाहुणे. तर निवडक प्रश्न घेतोय, नावं न देता.

एमएस्सी ऑरगॅनिक झालंय, नांदेडला असतो. बायोलॉजी बारावीनंतर सुटली. मला कॅन्सर रिसर्चमध्ये कोण घेणार, सर?

इमॅटिनिबचं उदाहरण घेऊ या, म्हणजे ग्लीव्हेक, रक्ताच्या कॅन्सरचं (सीएमएल) औषध, 2001 च्या मे महिन्यात अमेरिकेत मंजूर झालं. सुरुवातीचा रेणू फेनिलअमिनोपिरिमिडिन, तो भलत्याच एन्झाइमला, पीकेसीला, अडवत होता. मग सिबा-गायगी या औषध कंपनीच्या केमिस्टांनी त्याच्यावर काम केलं. एक अमाइड जोडल्यावर तो टायरोसिन कायनेजना, म्हणजे हव्या त्या एन्झाइमना, अडवायला लागला पण पीकेसी काही सोडेना. त्यावर उपाय काय, तर रिंगवर ऑर्थोला एक मिथाइल. बास, एक मिथाइल! त्यामुळे रेणूला वळावं लागलं आणि पीकेसीवरचा परिणाम गेला. तरी पाण्यात विरघळत नव्हता, म्हणून शेवटी एन-मिथाइलपिपरेझिन लावलं आणि गोळी म्हणून घेता येईल असं औषध झालं. कुठल्या पेशीत काय होतंय हे बायोलॉजिस्टनी आणि डॉक्टरांनी दाखवलं हे खरंच, पण ते मिथाइल कुठे लावायचं हे ठरवणारा माणूस तुमच्याच डिपार्टमेंटचा.

तुमच्यासाठी सरळ रस्ता म्हणजे सीएसआयआर-नेट केमिकल सायन्सेस किंवा गेट द्या. जेआरएफला (पीएचडीच्या फेलोशिपला) 2023 पासून महिना 37,000 मिळतात. पुण्यात एनसीएल, आयसर, मुंबईत आयसीटी, खारघरला टाटा मेमोरियलचं अ‍ॅक्ट्रेक, शिवाय नायपर या औषधशास्त्राच्या राष्ट्रीय संस्था वेगवेगळ्या राज्यांत आहेत. अ‍ॅक्ट्रेकमध्ये बायोलॉजीचंच राज्य आहे, तिथली जाहिरात नीट वाचा, नाहीतर फॉर्म फुकट जायचा. बायोलॉजीचं म्हणाल तर कायनेज म्हणजे काय, आयसी-फिफ्टी (परिणाम निम्म्यावर आणायला किती औषध लागतं तो आकडा) म्हणजे काय, औषध लिव्हरमध्ये कसं मोडतं, एवढं सहा महिन्यांत शिकता येतं. उलट बायोलॉजीवाल्याला सहा महिन्यांत सिंथेसिस, म्हणजे रेणू बनवणं, शिकवून दाखवा बघू.

पुण्यात सीआरओमध्ये (दुसऱ्या कंपन्यांसाठी करारावर रिसर्च करणारी कंपनी) चार वर्षं झाली. रोज रिअ‍ॅक्शनची स्टेप चढवायची, टीएलसी, कॉलम, एनएमआर, सबमिट. कंपाउंडला नुसता कोड, टार्गेट कोणतं, म्हणजे औषध कुठल्या प्रोटीनवर चालणार, ते सांगत नाहीत. प्रोजेक्ट ऑन्कोलॉजीचा आहे म्हणे. मी कॅन्सर रिसर्च करतोय की नाही?

करताय, पण अर्ध्या अंधारात. तुमची कंपनी एफटीईवर चालते, क्लायंट माणसामागे पैसे मोजतो आणि आयपी (पेटंटचे वगैरे हक्क) सगळं त्याचं, त्यामुळे टार्गेट लपवणं यात कुणाचा दुष्टपणा नाही. प्रॉब्लेम असा की चार वर्षांनी तुम्ही इंटरव्ह्यूला जाता आणि समोरचा विचारतो, हा रेणू का बनवला, आणि तुमच्याकडे यील्ड असतं, कारण नसतं. इथेच चांगले चांगले बेंच केमिस्ट अडकलेले बघितलेत मी.

ऑफिसची एक ओळ बाहेर न जाऊ देता हे दुरुस्त करता येतं. जाहीर झालेलं एखादं औषध घ्या, समजा सोटोरासिब हे कॅन्सरचं औषध. केआरएएस या प्रोटीनला ‘औषध लागूच होत नाही’ असं कित्येक वर्षं म्हणत होते, मग 2013 मध्ये जी-ट्वेल्व्ह-सी म्युटेशनच्या सिस्टीनजवळ एक खिसा सापडला आणि 2021 मध्ये औषध मंजूर झालं. त्याचं पेटंट शोधून वाचा, आधीच्या रेणूत काय होतं, नंतर काय बदललं, का बदललं असेल, हे कागदावर स्वतः मांडा आणि मगच पेपर वाचून ताडून बघा. महिन्याला एक केलं तरी वर्षात तुमचं बोलणं बदलेल. आणि जिथे डिझाइनपण इथेच होतं अशा टीममध्ये जायचा प्रयत्न करा, बंगळुरूला ऑरिजिनसारख्या कंपन्या डिस्कव्हरीत आहेत, सिंजीनमध्येही काही टीम पूर्ण डिस्कव्हरी करतात. पगार लगेच वाढेलच असं नाही बरं का.

मेंबरशिप, कॉन्फरन्स, वर्किंग ग्रुप याने खरंच काही होतं का, की सर्टिफिकेट आणि जेवण? (पीएचडी तिसरं वर्ष, छत्रपती संभाजीनगर)

जेवणाचं आणि सर्टिफिकेटचं जे म्हणताय ते पुष्कळ ठिकाणी खरं आहे, फोटो काढायचा, बॅग घ्यायची आणि तिसऱ्या सेशनला गायब.

पण केमिस्टसाठी एक जागा मुद्दाम सांगतो. अमेरिकन असोसिएशन फॉर कॅन्सर रिसर्च, एएसीआर, 1907 ची संस्था, तिच्यात केमिस्ट्री इन कॅन्सर रिसर्च नावाचा वर्किंग ग्रुप आहे, सीआयसीआर म्हणतात. हजारो बायोलॉजिस्ट आणि ऑन्कोलॉजिस्टच्या गर्दीत केमिस्टला आपली माणसं सापडावीत हाच त्याचा उपयोग. वार्षिक मीटिंगला ‘न्यू ड्रग्ज ऑन द होरायझन’ सेशन असतं, त्यात कंपन्या क्लिनिकमध्ये (माणसांवरच्या चाचण्यांत) गेलेल्या किंवा जाणाऱ्या रेणूंची स्ट्रक्चर्स बऱ्याचदा पहिल्यांदा उघड करतात. स्लाइड आली की हॉलमधले निम्मे लोक स्ट्रक्चर उतरवून घेण्यात गुंतलेले. अमेरिकन केमिकल सोसायटीच्या मेडिसिनल केमिस्ट्री विभागातही असंच ‘फर्स्ट टाइम डिस्क्लोजर्स’ होतं. मघाच्या उत्तरात जे ‘का’ म्हटलं ना, ते तिथे बनवणाऱ्याच्या तोंडून ऐकायला मिळतं, पेपर नंतर कधीतरी येतो आणि त्यात फसलेले रेणू निम्मे गाळलेले असतात.

आता तिकीट काढून तिथे जा असं मी म्हणत नाही, खर्च मला माहितीये. विद्यार्थ्यांसाठी वेगळी मेंबरशिप असते ती बघा. पेपर स्वीकारला गेला तर रिसर्चला सरकारी निधी देणाऱ्या एएनआरएफच्या (आधीचं एसईआरबी) इंटरनॅशनल ट्रॅव्हल सपोर्टला अर्ज टाका, गाइडच्या मागे लागून टाका. आणि आधी इथलं करा: इंडियन असोसिएशन फॉर कॅन्सर रिसर्चचं वार्षिक अधिवेशन दरवर्षी वेगळ्या शहरात भरतं, तिथे केमिस्ट कमी असतात म्हणूनच तुम्ही लक्षात राहता. पोस्टरवर 14 स्टेप्सची स्कीम चिकटवू नका मात्र. वर रेणू, खाली पेशींवर काय झालं, स्कीम कोपऱ्यात. लोक थांबून विचारतात.

कुरकुंभ एमआयडीसीत आहे, आमच्याकडे ऑन्कोलॉजीचे जेनेरिक एपीआय (औषधातला मूळ घटक) बनतात. आई म्हणते कॅन्सरच्या औषधानेच कॅन्सर होतो, सोड. आणि मित्र म्हणतात हे काय रिसर्च नाही.

आधी आईंचं. त्या चूक नाहीयेत, बरीच जुनी केमो औषधं पेशींच्या डीएनएवरच घाव घालतात. म्हणून तर या मालासाठी वेगळा ब्लॉक, आयसोलेटर (पावडर बाहेर येऊ न देणारी बंद पेटी), निगेटिव्ह प्रेशर लागतं, हवेतल्या औषधाची मर्यादा घनमीटरला 10 मायक्रोग्रॅम किंवा त्याहून कमी. तुम्ही एकच गोष्ट विचारा: आयसोलेटर चालू करण्याआधी लॅक्टोज किंवा नॅप्रोक्सेन सोडियम अशी साधी पावडर फिरवून, हवेचे नमुने आणि पुसून घेतलेले स्वॅब तपासले होते का? रिपोर्ट दाखवा म्हणावं. दाखवला तर निर्धास्त काम करा, आणि नुसतं मास्क-ग्लोव्हजवर भागवत असतील तर आईचं ऐका, खरंच.

मित्रांचं सोडून द्या. सोराफेनिब हे कॅन्सरचं औषध महिन्याला 2,80,000 रुपयांना मिळत होतं, मार्च 2012 मध्ये नॅटको या भारतीय कंपनीला सक्तीचं लायसन्स (पेटंटवाल्याच्या संमतीशिवाय बनवायची परवानगी) मिळालं, किंमत 8,880. कोर्टकचेरी वकिलांनी केली असेल, पण तो माल स्वस्तात आणि शुद्ध काढणारे प्रोसेस केमिस्टच.

माझं इनऑरगॅनिक आहे, मेटल कॉम्प्लेक्सेस. माझ्यासाठी काही?

सिसप्लॅटिन, प्लॅटिनमचं कॅन्सरचं औषध, तुमचंच की! आणि सध्या जोर आहे रेडिओफार्मास्युटिकल्सचा, म्हणजे किरणोत्सारी औषधांचा. ल्युटेशियम-177 हा किरणोत्सारी धातू डोटा या रेणूच्या पिंजऱ्यात बसवून प्रोस्टेटच्या किंवा न्यूरोएंडोक्राइन गाठींपर्यंत पोचवतात. पिंजरा सैल असेल तर धातू हाडांत जाऊन बसतो, म्हणजे प्रश्न को-ऑर्डिनेशन केमिस्ट्रीचाच झाला. हे ल्युटेशियम ट्रॉम्बेच्या, बीएआरसीतल्या ध्रुव रिअ‍ॅक्टरमध्ये तयार होतं, वाशीला ब्रिट ही आयसोटोप पुरवणारी सरकारी संस्था आहे. बीएआरसीच्या ट्रेनिंग स्कूलची परीक्षा किंवा गेटचा स्कोअर, दोन्हीकडे लक्ष ठेवा.

पीएचडी संपत आलीय. अमेरिका-युरोपात पोस्टडॉकसाठी ढिगाने मेल टाकले, एकाचंही उत्तर नाही. (कोल्हापूर)

‘रिस्पेक्टेड सर, आय अ‍ॅम हायली मोटिव्हेटेड’ ने सुरू होतो का मेल? मग उत्तर येणार नाही. त्यांचा गेल्या दोन वर्षांतला एक पेपर घ्या, त्यातल्या एका रेणूबद्दल, एका लिंकरबद्दल, नेमका प्रश्न किंवा सूचना दोन ओळींत लिहा. मग तुम्ही काय बनवू शकता ते दोन ओळींत, सोबत एका पानाचा रिसर्च समरी आणि सीव्ही, झालं. अँटिबॉडी-ड्रग कॉन्जुगेट (अँटिबॉडीला जोडलेलं औषध) किंवा प्रोटॅक (नको ते प्रोटीन पेशीकडूनच मोडून घेणारा रेणू) करणाऱ्या लॅब्सना सिंथेसिस येणारे हात हवेच असतात. असे दहाच टाका, आणि दोन आठवड्यांनी एकदा आठवण करून द्या, त्यात लाजायचं काही नाही.